टेंभरे सर आणि मंडईचा माइक

टेंभरे सरांनी पैसे खाल्ले असते तर फार सोपं झालं असतं. पैसे खाणाऱ्या माणसाबद्दल काय बोलायचं आणि कुठल्या सुरात बोलायचं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं. पण सरांनी कधी कोणाचा रुपया खाल्ला नाही. उलट आम्हा पोरापोरींच्या चहाचे पैसे तेच द्यायचे. त्यामुळे त्यांच्यावरचा माझा राग अजून धड बसायला जागा शोधतो आहे.

सर आमच्या तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. शिकवायचे म्हणजे वर्गावर यायचे, खिशातले मुरमुरे तोंडात टाकायचे आणि पानिपतावर बोलता बोलता कोणाच्या तरी आजोबांच्या शेतावर पोचायचे. त्यांचा जीव वर्गात नव्हताच. तो 'सोबत'मध्ये होता. 'सोबत' हे त्यांनी सुरू केलेलं विद्यार्थ्यांचं मंडळ. कोणाला रक्त लागलं तर रक्तदाते गाठायचे, गरीब पेशंटला नागपूरला नेण्यासाठी वर्गणी गोळा करायची, नदीला पूर आला की धान्य आणि कपडे घेऊन जायचे, अशी कामं. ज्यांना क्रिकेटच्या संघात कोणी घेत नव्हतं आणि गॅदरिंगच्या नाचात जायची लाज वाटत होती, असे आम्ही सगळे त्यात होतो. मुली जास्त होत्या. त्याला कारण होतं. घरून कुठेही जायला परवानगी मागितली की आधी नाहीच असायचं, पण 'टेंभरे सरांसोबत आहे' म्हटलं की आई पुढचं विचारतच नसे.

बुटके, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, पायात रबरी चपला आणि गळ्यात दुपट्टा. त्या दुपट्ट्यात गुंडाळलेला त्यांचा स्वतःचा माइक. भाड्याच्या माइकवर ते बोलत नसत. "भाड्याचा माइक पाहुण्यासारखा असते," म्हणायचे, "तोंडावर गोड बोलते आणि ऐन वेळी कटते." मंडपवाल्याला ते हे ऐकवायचे आणि तो बिचारा हसत त्यांचीच वायर जोडून द्यायचा.

या माइकवर सरांची एक रीत होती. आमच्या भागात नाटक किंवा दंडार, म्हणजे ढोलकीवरचा नाच-गाण्याचा खेळ, चालू असताना बक्षीस देणाऱ्याचं नाव मधेच थांबवून माइकवरून सांगतात. राजा तलवार उपसून उभा असतो आणि वरून आवाज येतो, अमुक गावचे तमुक यांच्याकडून कलाकाराला भेट. राजा तलवार खाली करून हात जोडतो, पुन्हा उपसतो. सरांनी ही रीत उचलली आणि तिची कला करून टाकली. ते नुसतं नाव सांगत नसत. त्या नावाला एक आठवण जोडायचे. "तलावाच्या पाळीवरचे ढिवरकाका, ज्यांनी मागच्या पावसाळ्यात शाळेची लेकरं आपल्या डोंग्यातून पार नेली, त्यांच्याकडून पाच पायल्या धान!" मग ढिवरकाका ताठ व्हायचे आणि शेजारचा माणूस आपल्याबद्दल काय सांगता येईल याचा विचार करत खिसा चाचपायचा.

गोंदियातल्या एका राईस मिलवाल्या शेठजींची गोष्ट तर आम्ही पुढच्या प्रत्येक बॅचला सांगायचो. पुराच्या वेळी त्यांच्याकडे तांदूळ मागायला गेलो, तेव्हा शेठजींनी आम्हाला पंख्याखाली बसवलं, पाणी पाजलं आणि धंदा किती मंदा आहे ते सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं. उठताना फक्त विचारलं, "शेठजी, आपकी माताजी का नाम क्या था?" शेठजी गोंधळले, पण सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाजारात आमचा माइक लागला. सर म्हणाले की या शहरात एक माउली होऊन गेली, जी मिलच्या हमालांना रोज स्वतः ताक वाटायची. मग त्यांनी तिचं नाव घेतलं. हे ताकाचं त्यांना कुठून कळलं, देव जाणे. बहुतेक एखाद्या म्हाताऱ्या हमालाने सांगितलं असेल. थोड्या वेळाने शेठजी स्वतः आले, डोळे पुसत, मागे तांदळाने भरलेली गाडी. "माणूस पैशाले नाही म्हणते," परतीच्या बसमध्ये सर म्हणाले, "नावाले नाही म्हणत नाही." हे वाक्य आम्ही सगळ्यांनी आपापल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं होतं.

आता कोणी म्हणेल, नुसता बोलघेवडा दिसतोय. तसं नव्हतं. पुरासाठी लोकांनी दिलेले कपडे आम्ही पोत्यात कोंबत होतो, तेव्हा सरांनी पोतं उलटं केलं. फाटके परकर, पिको सुटलेल्या साड्या, बटणं नसलेले शर्ट. "यातलं तू काय घालशील?" त्यांनी आमच्यातल्या एकीला विचारलं. तिने हातातला परकर खाली ठेवला. "मग ते दुसऱ्याच्या अंगावर काऊन घालून राहिली?" त्या दिवशी आम्ही सगळे कॉलेजच्या मागच्या नळावर कपडे धूत होतो आणि सर व्हरांड्यात बसून बटणं लावत होते. त्यांना शिवणं छान येत होतं.

आणि सुईला मात्र ते घाबरायचे. शिवायच्या नाही, टोचायच्या. सरकारी दवाखान्यात एका बाळंतिणीला रक्त हवं म्हणून निरोप आला, तेव्हा ते वर्ग सोडून दोन पोरांना घेऊन निघाले. त्यातला एक पोरगा अशक्त निघाला. मग सर स्वतः झोपले. डोळे घट्ट मिटून "माय वं, माय वं" करत होते आणि नर्स हसत होती. रक्त देऊन उठले ते थेट खाली बसले, चक्कर येऊन. त्या बाळंतिणीच्या सासूने त्यांना गुळाचा खडा भरवला. आम्हाला वाटायचं, असा माणूस आपल्याला मिळाला हे आपलं नशीब. मला तर माझ्या बापापेक्षा त्यांचा भरवसा जास्त वाटायचा, हे लिहायला आता जड जातं.

करिश्मा माझी मैत्रीण. नवेगाव बांधच्या बाजूची, बाप दुसऱ्याचं धान ठेक्याने करायचा, आई रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, जायची. करिश्मा 'सोबत'ची सगळ्यात कामाची मुलगी. सरांच्या माइकची वायर ती गुंडाळायची. दुसऱ्या कोणाला ते हात लावू देत नसत.

त्या वर्षी सरांनी सिकलसेलचं काम घेतलं. हा रक्तातला आजार आमच्या भागात बहुतेक सगळ्यांच्या नात्यागोत्यात कुठे ना कुठे आहेच. लेकरांची हाडं-सांधे ठणकतात, रक्त कमी होतं, सारखं दवाखान्यात न्यावं लागतं. काही जण नुसते वाहक असतात. त्यांना स्वतःला काही होत नाही. पण नवरा-बायको दोघेही वाहक निघाले तर लेकराला आजार होऊ शकतो. म्हणून लग्नाआधी दोघांनी रक्त तपासून घ्यावं, एवढंच सांगत आम्ही गावोगाव फिरत होतो. लोक ऐकायचे, मान डोलवायचे आणि पोरीची तपासणी मात्र टाळायचे. नाव झालं तर पोरगी कोण करेल, ही भीती. सर प्रत्येक गावात एकच गोष्ट छातीवर हात ठेवून सांगायचे, "तुमच्या लेकीचा रिपोर्ट तुमच्या लेकीले सांगू. या कानाचं त्या कानाले जाणार नाही."

दुसऱ्यांना सांगायचं तर आधी आपण, म्हणून आम्ही सगळ्यांनी रक्त दिलं. करिश्मा वाहक निघाली.

तिची सुपारी फुटली होती तेव्हा. मुलगा लाखनीकडचा, रोशन, पतसंस्थेत नोकरीला. धान घरी आलं की साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलेला. करिश्मा दोन दिवस बोलली नाही आणि मग तिने जे केलं ते करायला मला तरी जमलं नसतं. तिने रोशनला फोन करून सगळं सांगितलं. तोही बरा निघाला. जाऊन स्वतःचं रक्त तपासून आला. तो वाहक नव्हता, म्हणजे प्रश्नच मिटला. "घरच्यायले मी सांगतो," तो म्हणाला, "पन जरा दम धर. मळणी होऊ दे, बाबा मोकळे होऊ दे, मंग मी बरोबर समजावून सांगतो."

हे सगळं तिने सरांना सांगितलं. कॉलेजच्या पाण्याच्या टाकीजवळ, मी बाजूला उभी होते. सरांचे डोळे भरून आले. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, इतकी वर्षं ज्याच्यासाठी फिरून राहिलो, ते तू करून दाखवलं."

"सर, पन कोनाले सांगू नोका हं," करिश्मा म्हणाली. "रोशनच्या घरी अजून मालूम नाही."

"वेडी आहेस का? तुझी गोष्ट माझ्याजवळ, कुलपात."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार आणि दंडार, रात्री नाटक, आणि घराघरात पाहुणे. लेकी माहेरी येतात, सोयरे येतात, पोरी पाहिल्या जातात, लग्नं जमतात. करिश्माच्या गावच्या मंडईत 'सोबत'चा मंडप होता, सिकलसेलच्या लेकरांसाठी वर्गणी गोळा करायला. तिच्या बापाने रीतीप्रमाणे होणाऱ्या सोयऱ्यांना मंडईचं आवतन दिलं होतं. रोशनचे मामा आणि मोठी आई, म्हणजे थोरली काकू, आले होते. रोशनला सुट्टी नव्हती. करिश्माच्या आईने सकाळपासून वडे तळले होते.

दुपारी दंडार रंगात आली. वर्गणी मात्र काही केल्या रंगत नव्हती. लोक नाचणाऱ्याला नोट देत होते, आमच्या डब्याकडे पाहून पुढे जात होते. सर अस्वस्थ होते. मुरमुरे खात नव्हते, त्यावरूनच मला कळलं. मग ते उठले, दंडारीच्या म्होरक्याला हात जोडले, ढोलकी थांबली आणि माइक त्यांच्या हातात आला.

"मंडळी, तुमचा खेळ थांबवला, माफी असावी. पण आज या गावच्या एका लेकीचं नाव घेतल्याशिवाय मला इथून जाता येणार नाही."

मला तेव्हाच कळायला हवं होतं असं वाटतं, पण नाही कळलं. आम्हाला वाटलं, वायर गुंडाळणारीचं कौतुक आहे. करिश्माही पदराशी चाळा करत हसत होती.

सरांनी तिचं नाव घेतलं. बापाचं नाव घेतलं. मग म्हणाले, ही लेक वाहक आहे. तिने लपवलं नाही, होणाऱ्या नवऱ्याला स्वतः सांगितलं, आणि तो मर्द गडी म्हणाला, तरी मी तुलाच करीन. त्यांनी रोशनचंही नाव घेतलं, गावासकट. "अशी एक जोडी प्रत्येक गावात निघाली, तर हा आजार आपल्या मुलुखातून जाईल! वाजवा टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. खूप वाजल्या. लोक उठून डब्यात नोटा टाकू लागले. सर रडत होते, खरं रडत होते. इतकं सुंदर ते पुन्हा कधी बोलले असतील असं मला वाटत नाही.

मंडपाच्या कडेला रोशनच्या मोठ्या आईने करिश्माच्या बापाला विचारलं, "वाहक म्हंजे का जी? पोरीले बिमारी हाय का?"

"नाई जी, बिमारी नाई..."

"मंग माइकवर कायले सांगून राहिले? आनं आमच्या पोराले मालूम, साऱ्या मंडईले मालूम, आमीच तेवढे परके का?"

बापाने जेवायला चला म्हणून हात जोडले. मामा नुसते चपला शोधत होते. वडे तसेच राहिले. पाहुणे जेवल्याशिवाय मंडईतून परत गेले, ही आमच्याकडे केवढी मोठी गोष्ट असते ते सांगून कळायचं नाही.

सरांना मी तिथेच गाठलं. ते घाम पुसत होते. "सर, तुम्ही काय केलं?"

"काय केलं?" ते खरंच चकित झाले. "गौरव केला तिचा. तू टाळ्या नाही ऐकल्या?"

पुढचे काही दिवस फोनाफोनी झाली. रोशनच्या घरी एकच सूर होता, पोरगी रोगी आहे आणि लपवून गळ्यात बांधत होते. करिश्माचा बाप सरांकडे आला. मी तेव्हाही होते. तो खुर्चीवर बसला नाही. "सर, तुमी एक डाव चला ना आमच्यासंगं लाखनीले. आमी सांगून त्यायले पटून नाही राहिलं. तुमी शिकले-सवरले, तुमी सांगतलं का आयकतील."

"येतो ना. का नाही येणार? सोमवारी सकाळच्या बसने जाऊ." सरांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले.

सोमवारी तो बाप धुतलेला पांढरा शर्ट घालून फाट्यावर उभा राहिला. एक बस गेली. दुसरी गेली. सरांचा फोन बंद. दुपारी 'सोबत'च्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. नागपूरला कुठल्याशा संस्थेने सरांचा सत्कार केला होता, समाजसेवेबद्दल. गळ्यात शाल, हातात नारळ. खाली अभिनंदनाची रांग लागली, फुलं, जोडलेले हात. त्या रांगेत मधेच करिश्माने लिहिलं, 'सर, बाबा फाट्यावर उभे आहेत.'

तिच्या खाली पुन्हा फुलं, पुन्हा जोडलेले हात. कोणी थांबलं नाही.

संध्याकाळी सरांचा तिला फोन आला. सत्काराचं अचानक ठरलं, म्हणाले, लाखनीला पुढच्या सोमवारी नक्की. आणि मग म्हणाले, "पण बेटा, ग्रुपवर असं लिहायचं नसते. घरातली गोष्ट चार लोकांसमोर कशाला?"

करिश्माने हे मला सांगितलं तेव्हा मी शिव्या घातल्या. तिने नाही घातल्या. पुढचा सोमवारही गेला, तो कशासाठी गेला ते मी विचारलं नाही. रोशनचा एक मेसेज आला, 'मी घरी बोलून राहिलो.' मग तोही यायचा थांबला. साक्षगंध झालं नाही. आमच्या गावोगावच्या तपासण्याही बसल्या. आया तोंडावर सांगायच्या, तुमचे सर माइकवर बोलतात बाई, नको.

मी 'सोबत' सोडलं. करिश्मा रायपूरला गेली, तिथे एका दवाखान्यात काउंटरवर काम करते, बरं चाललंय तिचं. मंडईला मात्र ती गावी येत नाही. एकदा मला म्हणाली, "माझ्याजवळ त्या दिवसचा व्हिडिओ हाय. सर माझं नाव घेऊन राहिले ना, तवा मी हासून राहिली वं. मलेच पाहून मले राग येते." मी तिला तो पुसून टाक म्हटलं.

मागच्या हिवाळ्यात सर मला पुन्हा दिसले. मी आता शिक्षिका आहे. गोंदियाच्या एका कॉलेजात स्वयंसेवक विद्यार्थ्यांचं शिबिर होतं, तिथे आमच्या शाळेतली मोठी मुलं घेऊन गेले होते. प्रमुख पाहुणे म्हणून टेंभरे सर. रिटायर झालेले, केस पांढरे, आवाज तोच. भाषणाच्या शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली. तलावाकाठच्या एका गरीब मुलीची, जिने होणाऱ्या नवऱ्याला आपण वाहक असल्याचं सांगितलं. मंडई आली, टाळ्या आल्या. "आणि मित्रांनो," सर म्हणाले, "आज त्या जोडप्याच्या अंगणात दोन निरोगी लेकरं खेळतात."

सभागृह उभं राहिलं. माझ्या शेजारची मुलगी डोळे पुसत होती. ते लग्न मोडलं तेव्हा जेवढी फसवणूक वाटली नव्हती, तेवढी मला त्या खुर्चीत वाटली.

कार्यक्रमानंतर वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात चहा होता. सरांनी मला ओळखलं, नाव घेतलं, गाव घेतलं, माझ्या आईच्या हातच्या चिंचेच्या कढीची आठवण काढली. मी म्हटलं, "सर, ते लग्न झालं नाही."

त्यांचा कप ओठाशी थांबला. "मालूम आहे मले," ते हळू म्हणाले. "पण मोडलं असं सांगितलं तर कोणती पोरगी तपासणी करन? लोकं भेतील ना बेटा."

"मग दुसरी कोणती गोष्ट सांगा."

"गोष्ट खऱ्या माणसाची पाहिजे. बनवलेली लोकांच्या मनाला लागत नाही."

त्यांनी खाली मैदानाकडे पाहिलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, निदान तिच्या बापाबद्दल. "कुठं असते ती?" त्यांनी विचारलं. मी रायपूर म्हटलं. "खुशीत आहे?" मी उत्तर देणार तोच त्यांचा चेहरा उजळला. "अगं, मग पुढच्या महिन्यात देवरीला मोठा कार्यक्रम आहे. तिलाच बोलावू या! ती स्वतः स्टेजवर येऊन चार शब्द बोलली, तर मी बोलायची गरजच काय? नंबर दे तिचा."

त्यांनी कप कठड्यावर ठेवला, खिशातून मोबाईल काढला, चष्मा लावला.

मी नंबर न देता जिना उतरले. खाली मैदानात मुलांना रांगेत उभं करताना वर पाहिलं, तर सर कठड्याशीच होते. मोबाईल हातात धरलेला, बोट त्यावर टेकवलेलं, आणि मी आकडे सांगेन म्हणून माझ्याकडे पाहत हसत होते.